पाण्याखाली कोण बोलतंय?

गोष्ट आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातली, १९८० च्या दशकातली. सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ सॉसॅलिटो नावाचं गाव आहे. तिथे खाडीच्या पाण्यावर तरंगणारी घरं आहेत आणि पुष्कळ कुटुंबं त्यांत बाराही महिने राहतात. उन्हाळ्याच्या दिवसांत रात्र पडली की या घरांत आवाज यायला लागला. घूंऽऽऽऽ… एका सुरात, न थांबता. खिडक्या लावून घेतल्या तरी येई, उशी कानावर दाबली तरी येई. कारण तो बाहेरून येतच नव्हता. तो खालून, पाण्यातून, घराच्या तळातून वर चढत होता. आणि सकाळ झाली की आपोआप बंद!

लोकांच्या झोपेचं खोबरं झालं. कुणी म्हणालं, सांडपाण्याचे पंप रात्री चालवत असतील. कुणी म्हणालं, नौदलाचा काहीतरी गुप्त प्रयोग चाललाय. संशयितांची यादी वाढत गेली, पण गुन्हेगार काही सापडेना. शेवटी माशांच्या अभ्यासकांनी उलगडा केला. हा आवाज काढत होता एक मासा!

त्याचं नाव मिडशिपमन. लांबीला फार तर दीड वीत. उन्हाळ्यात यातले नर किनाऱ्याजवळ दगडाखाली घर करतात आणि रात्रभर घूंऽऽ करत माद्यांना बोलावतात. मादी येते, दगडाला अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढे अंड्यांची राखण बाबाच करतो. हे कळल्यावर सॉसॅलिटोच्या लोकांचा राग पार मावळला. पुढे तर त्यांनी या माशाच्या नावाने जत्रा भरवली!

पण मासा गुणगुणतो तरी कसा? माशाला आपल्यासारखा गळा नसतो. बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहायला ती उपयोगी पडते. मिडशिपमन माशाच्या या पिशवीला खास स्नायू चिकटलेले असतात. ते सेकंदाला सुमारे १०० वेळा आवळतात आणि सैल होतात. पिशवी थरथरते, आणि झाला आवाज सुरू.

ही पिशवी आपल्या ओळखीची आहे, बरं का! पालघर-वसईकडच्या कोळी लोकांना विचारा. घोळ माशाच्या पोटातली ही पिशवी म्हणजेच ‘बोत’. बोताला परदेशात प्रचंड भाव मिळतो. घोळ आणि ढोमा ज्या कुळातले मासे आहेत, ते कुळ याच पिशवीच्या बळावर आवाज काढण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे.

आवाज पाण्यातच का राहतो?

आता तुम्ही विचाराल, समुद्रात एवढी बडबड चालते, तर किनाऱ्यावर उभं राहून आपल्याला लाटांशिवाय काहीच कसं ऐकू येत नाही?

कारण पाण्याच्या पृष्ठभागात आहे. पाण्यातून वर येणारा आवाज पृष्ठभागाशी पोचला की जवळजवळ सगळाच्या सगळा परत खाली वळतो. त्याच्या ताकदीचा हजारातला जेमतेम एक भाग हवेत निसटतो. सॉसॅलिटोच्या लोकांना आवाज ऐकू आला, कारण त्यांच्या घरांचे तळ पाण्यात बुडालेले होते. पाणी थरथरलं की तळ थरथरायचा आणि तळाबरोबर घरातली हवा.

पाण्याच्या आत मात्र आवाजाची चैन असते. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर! हे कुणी मोजलं असेल? १८२६ साली स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरात जाँ-दानिएल कोलादों आणि शार्ल स्टुर्म यांनी रात्रीच्या अंधारात दोन नावा एकमेकींपासून १३ किलोमीटरहून जास्त अंतरावर उभ्या केल्या. एका नावेवरून पाण्यात घंटा सोडली होती. घंटेवर टोला पडला की त्याच क्षणी नावेवर बंदुकीची दारू पेटून लख्ख उजेड होई. दुसऱ्या नावेत कोलादों लांबलचक नळीचं एक टोक पाण्यात आणि दुसरं कानाशी धरून बसले होते. उजेड दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की घड्याळ बंद. हिशेब आला सेकंदाला १४३५ मीटर. सरोवराचं पाणी गोडं आणि थंडगार होतं, म्हणून आकडा समुद्रापेक्षा थोडा कमी.

उजेडाचं नेमकं उलट. समुद्रात २०० मीटर खाली गेलं की सूर्यप्रकाश नावापुरता उरतो आणि १००० मीटरच्या खाली मिट्ट काळोख. आपल्या कोकणातल्या खाड्यांचं पाणी पावसाळ्यात इतकं गढूळ होतं, की हातभर अंतरावरचंही दिसत नाही. अशा ठिकाणी जोडीदार शोधायचा, पिल्लाला हाक मारायची, परक्याला दम भरायचा, तर डोळ्यांच्या भरवशावर कसं भागणार? पाण्यातले कितीतरी प्राणी म्हणूनच कानांवर जगतात.

पाण्यातला कान

आपले कान हवेसाठी घडलेले आहेत. पाण्यात डुबकी मारून ऐकलंत तर आवाज येतो, पण कुठून येतो ते काही केल्या कळत नाही. हवेत डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात जरासा आधी पोचतो, उजव्यात जरासा नंतर. तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने येतो. दोन कानांमधला फरक इतका कमी होतो की मेंदू गोंधळतो आणि आवाज चहूबाजूंनी आल्याचा भास होतो.

म्हणून पाण्यासाठी वेगळा कान लागतो. त्याचं नाव हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात चालणारा मायक्रोफोन. तो कसा काम करतो हे पाहायला स्वयंपाकघरात जा. गॅस पेटवायचा तो टक्‌ टक्‌ करणारा लायटर आठवा. त्यात बॅटरी नसते, तरी ठिणगी पडते. आत एक खास तुकडा असतो, त्याच्यावर जोराचा ठोका बसला की वीज तयार होते. काही स्फटिकांचा हा गुण १८८० साली पॅरिसमध्ये पिएर आणि झाक क्युरी या दोन भावांनी शोधून काढला. पुढे मेरी क्युरींशी लग्न झालं, तेच हे पिएर.

हायड्रोफोनच्या पोटातही याच गुणाचा तुकडा असतो. आवाज म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या दाबाची लाट. ती लाट तुकड्याला क्षणात दाबते, क्षणात सोडते. दाब जसा बदलेल तशी वीज बदलते. ती तारेतून वर येते, मोठी करून हेडफोनमध्ये ऐकवली जाते आणि रेकॉर्डरमध्ये साठवली जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजवॅं या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशाच स्फटिकांच्या मदतीने पाण्यातल्या पाणबुड्या शोधण्याची युक्ती काढली. तिथून पाण्यात कान लावण्याचं तंत्र झपाट्याने पुढे गेलं.

ध्वनिमुद्रण करायला निघालेली माणसं ठरलेल्या जागी पोचली की सगळ्यात आधी नावेचं इंजिन बंद करतात. मग हायड्रोफोन हळूहळू खाली सोडतात. तार नावेला घासली तरी खरखर, लाट फळीवर आपटली तरी धप्प, कुणी पाय आपटला तरी धाडकन! म्हणून सगळे गप्प बसतात. रेकॉर्डर सुरू झाला की आधी जागा, तारीख, वेळ, पाण्याची खोली, भरती आहे की ओहोटी, हे सगळं बोलून किंवा लिहून ठेवतात. कुठे आणि केव्हा हे माहीत नसेल, तर सुंदर आवाजाचाही अभ्यासाला फारसा उपयोग होत नाही.

महिनोन्‌महिने ऐकायचं असेल तेव्हा रेकॉर्डर जड वजन बांधून थेट समुद्राच्या तळाशी ठेवतात. काम संपलं की जहाजावरून पाण्यात एक ठरावीक आवाज सोडतात. तो ऐकताच खालचं यंत्र वजन सोडून देतं आणि तरंगत वर येतं.

एवढं सगळं कानाने कोण ऐकत बसणार? म्हणून संगणक आवाजाचं चित्र काढतो. त्याला म्हणतात स्पेक्ट्रोग्राम. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खालून वर आवाजाची पट्टी चढते. सरावलेला अभ्यासक चित्रावर नजर टाकून सांगतो, इथे मासे, इथे देवमासा, इथे जहाज. निळ्या देवमाशाचे काही स्वर तर इतके खालचे असतात, की माणसाच्या कानाला ते लागतच नाहीत. ते ऐकायला रेकॉर्डिंग वेग वाढवून लावावं लागतं.

पण सगळ्यात अवघड प्रश्न यानंतर येतो. आवाज तर मिळाला, तो काढला कुणी? पाण्याखाली बोलणाऱ्याला तोंड उघडावं लागत नाही. मग ओळखायचं कसं? चला, तीन गाजलेली प्रकरणं पाहू.

प्रकरण पहिलं: तडतड

दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेचं नौदल शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढायला हायड्रोफोन लावून बसलं होतं. पण किनाऱ्याजवळच्या उबदार, उथळ पाण्यात दुसरं काही ऐकूच येईना. तापल्या तेलात मोहरी टाकावी तशी तडतड रात्रंदिवस चालू! शत्रूने काही यंत्र सोडलंय की काय?

कॅलिफोर्नियातले प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी गुन्हेगार शोधला. तो होता बोटाएवढी कोळंबी. हिला पिस्तूल कोळंबी म्हणतात. हिची एक नांगी नेहमीची, तर दुसरी अवाढव्य. तीच हिचं पिस्तूल. उष्ण प्रदेशातल्या उथळ समुद्रांत ही कोळंबी भरपूर असते. मग काय, ज्या तडतडीने नौदलाला हैराण केलं, तिचाच आडोसा घेऊन पाणबुड्या लपू लागल्या.

लोकांना वाटायचं, नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटल्याने आवाज होतो. २००० साली नेदरलँड्समधले डेटलेफ लोझे, मिशेल फर्स्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला ४० हजारांवर चित्रं घेणारा कॅमेरा कोळंबीसमोर लावला आणि शेजारी हायड्रोफोन ठेवला. चित्र आणि आवाज जुळवून पाहतात तो काय, नांगी मिटते तेव्हा मोठा आवाज होतच नाही! नांगी मिटताना पाण्याची चिळकांडी ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने उडते. इतक्या वेगाने पळणाऱ्या पाण्यात बुडबुडा तयार होतो. तो बुडबुडा पुढच्याच क्षणी कोसळून मिटतो, आणि ‘टाक्‌’ होतो तेव्हा. त्या धक्क्याने समोरचं भक्ष्य गांगरून जातं. बुडबुडा कोसळताना प्रकाशाचा एक कणही चमकतो, पण तो आपल्या डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नसतो.

मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ते हेच! तसाच आणखी एक पठ्ठ्या म्यानमारच्या उथळ, गढूळ ओढ्यांत राहतो. डॅनिओनेला सेरेब्रम हा मासा जेमतेम १२ मिलिमीटर लांब, अंगाने काचेइतका पारदर्शक. पण यातला नर स्वतःच्या हवेच्या पिशवीवर कूर्चेचा तुकडा आपटून इतका मोठा आवाज काढतो, की प्रयोगशाळेत टाकीजवळून जाणाऱ्यांना तो बाहेर ऐकू येत होता. याचं गुपित २०२४ साली प्रसिद्ध झालं.

प्रकरण दुसरं: बुडबुड

१९८१ साली सोव्हिएत रशियाची एक पाणबुडी स्वीडनच्या किनाऱ्याजवळ खडकांवर अडकून बसली. तेव्हापासून स्वीडनचं नौदल फार सावध झालं. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या हायड्रोफोनवर एक चमत्कारिक आवाज येत राहिला. बुडबुड, टिकटिक, बुडबुड. पुन्हा पाणबुडी आली! जहाजं धावली, शोध झाले. पाणबुडी काही सापडेना.

शेवटी नौदलाने माग्नुस वाल्बर्ग आणि होकान वेस्टरबर्ग या शास्त्रज्ञांना तो आवाज ऐकवला. त्यांनी शोधून काढलं, की हा हेरिंग माशांचा उद्योग आहे. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा लांबचा नातेवाईक. त्याच्या हवेच्या पिशवीतून एक नळी शेपटीकडच्या भोकापर्यंत जाते. तिथून हवा सुटते आणि बुडबुडे निघतात. आता हजारो हेरिंग मिळून हे करायला लागले तर? नौदलाची झोप उडणारच!

हसलात ना? सगळं जगच हसलं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला इग नोबेल नावाचं पारितोषिक देतात. २००४ साली ते या दोघांना आणि हेरिंगच्या याच आवाजांचा अभ्यास करणाऱ्या आणखी तिघांना मिळून दिलं गेलं. त्या अभ्यासात दिसलं, की हेरिंग हे आवाज जास्त करून रात्री काढतात, आणि सोबत जितके जास्त मासे तितके जास्त आवाज. अंधारात थवा एकत्र ठेवायला त्यांना याचा उपयोग होत असावा.

प्रकरण तिसरं: क्वॅक क्वॅक

१९६० च्या दशकात अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण महासागरात पाणबुड्यांवरच्या खलाशांना क्वॅक क्वॅक असा आवाज ऐकू यायचा. त्यांनी त्याला ‘बायो-डक’ असं नाव दिलं. पण बदक तर तिथे असणं शक्य नव्हतं. हे कोडं सुटायला ५० वर्षं लागली. २०१३ साली डेनिझ रिश यांच्या गटातल्या संशोधकांनी दोन मिंकी देवमाशांच्या पाठीवर रबरी चोषकांनी रेकॉर्डर चिकटवले. ते गळून पडल्यावर परत मिळाले, आणि त्यांत तोच क्वॅक क्वॅक स्पष्ट ऐकू आला!

तिन्ही प्रकरणांत काय दिसलं? माणसाने अनोळखी आवाज ऐकला आणि कधी यंत्राचा नाहीतर शत्रूचा संशय घेतला, कधी नुसताच चक्रावून गेला. खरा बोलणारा दरवेळी प्राणी निघाला. आणि तो सापडला कुणाला? ज्याने घाई न करता, आवाज आणि प्राणी समोरासमोर ठेवून जुळवून पाहिले, त्याला.

एका गाण्याने काय होतं?

बर्म्युडा बेटावर फ्रँक वॉटलिंग्टन नावाचे अभियंते अमेरिकेच्या नौदलासाठी हायड्रोफोनवर काम करत. १९५० च्या दशकात त्यांच्या टेपवर विलक्षण आवाज उमटले. लांबलचक हुंकार, मग किंचाळी, मग खोल घुमणारा खर्ज. ते होते हंपबॅक देवमासे. शिकाऱ्यांच्या हाती या टेप लागल्या तर ते आवाजावरून देवमासे गाठतील, ही भीती वॉटलिंग्टनना होती. म्हणून त्यांनी टेप जपून ठेवल्या आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस रॉजर आणि केटी पेन या अभ्यासक जोडप्याच्या हाती सोपवल्या.

पेन यांनी त्या पुन्हा पुन्हा ऐकल्या, आवाजांची चित्रं काढून घेतली, आणि लक्षात आलं, की देवमासा ओरडत नाही, गातोय! एक ओळ, तिची आवर्तनं, मग दुसरी ओळ, तिची आवर्तनं, असं सगळं ठरलेल्या क्रमाने. एक गाणं सुमारे १० मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालतं, आणि संपलं की तोच गवई ते पहिल्यापासून पुन्हा सुरू करतो. गातात फक्त नर. एका भागातले सगळे नर एकच गाणं गातात, आणि केटी पेन यांना दिसलं, की ते गाणं दरवर्षी थोडं थोडं बदलत जातं.

तेव्हा जगभर देवमाशांची बेसुमार शिकार चालू होती. १९७० साली या गाण्यांची तबकडी निघाली. १९७९ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने आपल्या अंकासोबत एक कोटीहून जास्त तबकड्या वाटल्या. घराघरांत देवमासे गाऊ लागले. ज्याचं गाणं ऐकलं त्याच्यावर भाला कसा मारवेल? शिकारीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला आणि १९८६ पासून तो लागू झाला.

१९७७ साली व्हॉयेजर नावाची यानं अंतराळात निघाली, तेव्हा त्यांच्यासोबत पृथ्वीची ओळख सांगणारी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत आपल्या मराठीतलाही आहे. गोव्यात केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. आणि हंपबॅक देवमाशांचं गाणंही आहे!

आपल्या पाण्यात कोण बोलतं?

केसरबाईंच्या गोव्याच्या किनाऱ्याजवळही हंपबॅक गातात, हे हायड्रोफोनने सिद्ध केलं आहे. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या अभ्यासात गोव्याजवळच्या उथळ पाण्यात हंपबॅकची गाणी नोंदली गेली. तिथल्याच ग्रँड आयलंडजवळच्या पाण्यात माशांचे समूहगानही टिपले आहेत.

आपले अरबी समुद्रातले हंपबॅक फार वेगळे आहेत. इतर ठिकाणचे हंपबॅक उन्हाळ्यात खायला थंड समुद्रात जातात आणि पिल्लांसाठी उबदार पाण्यात परततात. आपले मात्र बारा महिने इथेच राहतात. सुमारे ७० हजार वर्षं ते बाकीच्यांपासून वेगळे पडले आहेत, असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं. आता ते फारच थोडे उरलेत. २०१७ साली ओमानजवळ लुबान नावाच्या एका मादीच्या अंगावर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र लावलं होतं. ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली!

खाली लक्षद्वीपला या. दिव्या पणिक्कर या संशोधिकेने समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या स्थानिक लोकांच्या मदतीने कवरत्ती बेटाजवळ समुद्रात रेकॉर्डर बसवले. २०१८ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत ते ऐकत राहिले. त्यांत जगातल्या सगळ्यात मोठ्या प्राण्याचा, निळ्या देवमाशाचा आवाज सापडला. एवढं थोरलं जनावर, आणि तिथे ते येतं हे पक्कं ठरलं ते ऐकून!

आणि गंगा? गंगेतला डॉल्फिन, म्हणजे सूंस, हा आपला राष्ट्रीय जलचर आहे. त्याच्या डोळ्यांत भिंगच नसतं, त्यामुळे त्याला जवळजवळ दिसत नाही. तो सतत टिकटिक आवाज सोडतो आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे हे ओळखतो. डॉल्फिन मोजताना नुसतं डोळ्यांनी पाहिलं, तर पाण्याखाली असलेले सुटून जातात. म्हणून भारतातल्या नद्यांमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत हायड्रोफोनही वापरले. २०२५ साली आकडा जाहीर झाला: ६३२७ नदी-डॉल्फिन. त्यांतले ३ बियास नदीत राहणारे सिंधू-डॉल्फिन, बाकी सगळे सूंस.

आपण जरा गप्प बसलो तर?

ज्यांचं जगणं ऐकण्यावर आहे, त्यांच्या घरात आपण चोवीस तास इंजिनांचा गोंगाट करतो. त्याचं काय होतं? गंगेत बोटींची वर्दळ वाढली की डॉल्फिनच्या टिकटिकीत बदल होतो, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिसलं.

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला, त्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा खूप कमी झाली. कॅनडाजवळच्या फंडी उपसागरात तेव्हा राइट देवमाशांच्या विष्ठेचे नमुने गोळा करण्याचं काम चालू होतं. त्या शांत दिवसांतल्या नमुन्यांत ताण दाखवणारी रसायनं कमी निघाली. म्हणजे गोंगाटाने देवमाशांनाही टेन्शन येतं!

आवाजाने घर पुन्हा वसवताही येतं. निरोगी प्रवाळाजवळ कोळंबीची तडतड आणि माशांची किलबिल चालू असते. समुद्रात भटकणारी माशांची पिल्लं तो गलका ऐकून घर शोधतात. प्रवाळ मेलं की जागा मुकी होते आणि पिल्लं येत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर शास्त्रज्ञांनी मेलेल्या प्रवाळाजवळ पाण्यात स्पीकर ठेवले आणि निरोगी प्रवाळाचं रेकॉर्डिंग लावलं. जिथे आवाज वाजत होता तिथे दुप्पट मासे राहायला आले. हा प्रयोग २०१९ साली जगासमोर आला.

आता तुमची पाळी

आधी एक सोपा प्रयोग. प्लास्टिकची बादली पाण्याने भरा. मित्राला पाण्याच्या आत दोन चमचे एकमेकांवर आपटायला सांगा. पहिल्यांदा उभं राहून ऐका. मग बादलीच्या बाहेरच्या बाजूला कान घट्ट टेकवून ऐका. आवाजात केवढा फरक पडतो बघा! हवेत निसटू न शकलेला आवाज बादलीच्या भिंतीतून थेट तुमच्या कानात शिरतो. हा प्रयोग बादलीतच करा. विहीर, तळं, समुद्र अशा ठिकाणी मोठ्या माणसांशिवाय पाण्याजवळ जायचं नाही.

दुसरं काम किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी किंवा सुट्टीत तिथे जाणाऱ्यांसाठी. बंदरावर होड्या लागल्या की कोळीदादांना आणि मासळी विकणाऱ्या मावशींना विचारा, जाळ्यातून वर काढल्यावर कुठला मासा आवाज करतो? घोळ-ढोम्याच्या कुळातले मासे कुरकुरतात. शिंगाळा आपला काटा सांध्यात घासून कर्र कर्र करतो. ऐकायला मिळालं तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि शास्त्रज्ञ करतात तसं पाच गोष्टी लिहा: माशाचं नाव, तुमच्या गावात त्याला काय म्हणतात ते, जागा, तारीख आणि वेळ.

याची गरज का आहे, माहितीये? जगात माशांच्या सुमारे ३५ हजार जाती आहेत. त्यांतल्या आवाज काढतात हे ठाऊक असलेल्या जाती साधारण १ हजार. जगभरचे शास्त्रज्ञ आता पाण्यातल्या सगळ्या आवाजांचं एक मोठं ग्रंथालय उभं करायच्या खटपटीला लागलेत, म्हणजे कुठेही अनोळखी आवाज आला की तो तिथल्या आवाजांशी ताडून पाहता येईल. तिथे माशांची हजारो नावं अजून आवाजाविना पडून आहेत, आणि आवाजही कितीतरी नावाविना. नाव आणि आवाज यांची गाठ घालून देणं हे पुढच्या अभ्यासकांचं काम आहे. त्यांतले काही आज तिसरी-चौथीत असतील आणि हा लेख वाचत असतील!